पैठणी द्या, पण उसाच्या बिलाचंही विचारा

जाहिरातीत चेहरा चालला की टीव्हीवर माइक मिळतो. त्यात गैर काही नाही. पण माइक हातात आल्यावर तो चेहरा विचारतो काय, हे बघायला हवं.

अभिनेत्री प्रिया तेंडुलकरांचंच बघा. त्यांनी पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनवर काम केलं, विमानात नोकरी केली, मॉडेलिंग केलं, बातम्या वाचल्या. समोरच्याला खूश ठेवायचं आणि आपलं मत आपल्यापाशी, अशी ही सगळी कामं. १९८५ साली बासू चटर्जींच्या ‘रजनी’ या टीव्ही मालिकेत त्या आल्या आणि गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत प्रत्येकाला जाब विचारत सुटल्या. टॅक्सीवाले तर चिडून निषेधाला उतरले. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ पासून हेच सांगत होती, ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. पण भांडणाऱ्या बाईला घराघरांत मान मिळाला तो रजनीमुळे.

पुढं नव्वदच्या दशकात त्या स्वतःच्या नावाच्या टॉक शोच्या सूत्रसंचालक झाल्या. आता हातात लिहिलेली भूमिका नव्हती, समोर खरी माणसं होती. तरी धार तीच. पाहुण्याला गोंजारून घरी पाठवायचं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. २००२ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांची खुर्ची मराठी टीव्हीवर अजून रिकामी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्यानंतर आले भावोजी. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ हा गृहिणींच्या खेळांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि आदेश बांदेकर घराघरांत पोचले. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. ज्या बाईला चारचौघांत कुणी नाव विचारलं नव्हतं, ती कॅमेऱ्यासमोर उखाणा घेऊन खळखळून हसली. ही गोष्ट लहान नाही. पण त्या खेळाच्या गावोगाव निघालेल्या नकला बघा. निवडणूक जवळ आली की मांडव पडतो, पुढाऱ्याचा फ्लेक्स लागतो, भाड्यानं आणलेला अँकर ‘वहिनी, वहिनी’ करत फिरतो. संगीत खुर्ची होते, शेवटी मानाची पैठणी. दोन-तीन तास माइक बायकांच्या तोंडासमोर असतो आणि त्यात एकही कामाचा प्रश्न निघत नाही.

श्रीपूरचंच उदाहरण घ्या. साखरेवर उभं राहिलेलं हे गाव. माळशिरस तालुक्यातल्या या पट्ट्यात मांडवात बसलेल्या कितीतरी बायकांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. लागणीपासून खुरपणीपर्यंत त्या रानात राबतात. ऊसतोड टोळीला वरचे पैसे द्यावे लागतात, ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची ‘एन्ट्री’ म्हणजे वरकमाई वेगळी, ते पैसे घरखर्चातूनच निघतात. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे व्याज मागायचा हक्क आपल्याला आहे, हे मांडवातल्या किती जणींना कुणी सांगितलंय? आणि सातबारावर त्यांचं नाव आहे का, हे तरी कुणी विचारलंय?

बाईला बोलतं करायची कला या अँकर मंडळींकडं आहेच, उखाण्यासाठी ती रोज वापरतात. म्हणून श्रीपूर, अकलूज, वेळापूर भागात कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येक सूत्रसंचालकाला माझी विनंती आहे. पैठणी जरूर द्या. पण माइक परत घेण्याआधी विचारा, ‘वहिनी, उसाचं बिल मिळालं का? किती दिवसांनी मिळालं? सातबारावर तुमचं नाव आहे का?’ पुढारी पहिल्या रांगेतच बसलेला असतो. उत्तर त्याच्या कानावर पडू द्या.