मॅटाडोर बाळगावी कशी आणि खपवावी कशी

(नाशिक शहर व जिल्ह्यातील मालकांसाठी. इतर जिल्ह्यांतल्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे.)

पहिली गोष्ट, मॅटाडोर कोणी विकत घेत नाही, ती अंगावर येते. वाटण्या झाल्या की थोरल्याला विहिरीजवळचं रान जातं, धाकट्याला घर जातं आणि सगळ्यांत शिकलेल्याच्या वाट्याला मॅटाडोर येते, कारण तो काहीतरी मार्ग काढील यावर भावकीचं एकमत असतं. क्वचित कोणी उधारीपोटी गाडी दारात लावून जातो. दोन्ही प्रकारांत किल्ली हातात पडण्याआधी विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून हे मार्गदर्शन किल्ली हातात पडल्यानंतरचं आहे.

ताबा मिळाल्यावर पहिले काही दिवस गाडीला हात लावू नये. तिची माहिती करून घ्यावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी सांगता येतं. नवलमल फिरोदिया हे स्वातंत्र्यलढ्यातले नगरचे गृहस्थ. त्यांच्या बजाज टेंपो कंपनीने १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या फिडाल आणि सोन या जर्मन कारखान्याच्या सहकार्याने गोरेगावात तीनचाकी हॅन्सीट बनवायला घेतला. पुढे कारभार पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ पासून मॅटाडोर आली. या गाडीचं खरं वैशिष्ट्य कोणत्याही कोनातून दिसत नाही, त्यासाठी तिच्याखाली आडवं व्हावं लागतं. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. त्यामुळे मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्टच नाही आणि हौदा जमिनीजवळ ठेवता आला. कांद्याची गोणी खांद्यावर न घेता आत सरकवता येते हे ज्या हमालाला एकदा कळलं, तो दुसऱ्या गाडीत माल भरताना कुरकुर करायला लागला. ट्रकवाल्यांनी मॅटाडोरला कितीही हसून घेतलं तरी लासलगावच्या आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात तिला मान होता तो या ठेंगणेपणामुळे.

पण ठेंगणेपणाची किंमत घाटात मोजावी लागते. चढावर ओझ्याचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम तर त्यांच्याच गळ्यात. पावसाळ्यात कसारा घाट चढताना भरलेली मॅटाडोर जागच्या जागी चाकं फिरवत उभी राहिली तर इंजिनाला शिव्या देऊ नयेत, माल भरणाऱ्याला द्याव्यात. जड पोती केबिनला चिकटून लावावीत आणि हलका माल फाळक्याकडे ठेवावा. शेतातल्या चिखलाच्या चढावर तर गाडी वळवून रिव्हर्सने चढवावी. तोंड उताराकडे झालं की भार ओढणाऱ्या चाकांवर येतो आणि गाडी निमूटपणे चढते. बांधावर बसलेली मंडळी ‘ह्याला उलटी गाडी चालवायची हौस दिसती’ असं मोठ्याने बोलतील. त्यांना भौतिकशास्त्र समजावू नये. पाठ करून बसलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

इंजिनाबद्दल एक वाक्य पाठ करून ठेवावं. ऐंशीच्या दशकात मर्सिडीजच्या परवान्याने ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन आपल्याकडे बनू लागलं आणि मॅटाडोरलाही बसलं. तेव्हा ‘आमच्याकडे मर्सिडीजचं इंजिन आहे’ हे विधान शंभर टक्के खरं असून सोयरिकीच्या बोलण्यात वापरायला हरकत नाही. पाहुण्यांना गाडी मात्र चहापाण्यानंतर दाखवावी. हे इंजिन ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध झाकणाखाली बसलेलं असतं, त्यामुळे मे महिन्यात मालेगावपर्यंत जाऊन आलेल्या माणसाची एक मांडी भाजून निघालेली असते. मॅटाडोरचा जुना ड्रायव्हर ओळखायचा असेल तर तो कोणत्या पायाने लंगडतो ते न पाहता त्याच्याशी हळू आवाजात बोलून बघावं. त्याला ऐकू येत नाही.

थंडीत मात्र हेच इंजिन मोठ्या घरची सून होऊन बसतं. निफाडला पारा घसरला की बागायतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्यातली एखादी गाडीखाली सरकवायचा मोह भल्याभल्यांना होतो. त्याआधी डिझेलची टाकी कुठे आहे ते पाहून घ्यावं. योग्य मार्ग असा: हीटर लावावा, मनातल्या मनात एक स्तोत्र म्हणावं, मग सेल्फ मारावा. स्तोत्र कोणतंही चालेल, मारुतीचं लवकर संपतं म्हणून अनेकांची गाडी लागत नाही. डिझेल संपू देऊ नये. संपलंच आणि लाइनीत हवा शिरली, तर हातपंप मारत हवा काढावी लागते, आणि हे काम करताना शेजारी उभं राहून सल्ला देणारा माणूस नाशिकमध्ये दोन मिनिटांत उपलब्ध होतो. त्याच्या हाती पाना द्यावा. सल्ला बंद होतो.

सुट्या भागांचं गणित सोपं आहे. इंजिनाचं बरंचसं मिळतं, कारण तेच घराणं ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समधूनही धावलं. बाकी अंगाचं, म्हणजे काचेचं रबर, दाराची कडी, दिव्याची कड, हे मिळत नाही, ते दुसऱ्या मॅटाडोरवर असतं. म्हणून कोणाच्या तरी मळ्यात, बाभळीखाली, कोंबड्या अंडी घालतात अशी एक मॅटाडोर हेरून ठेवावी आणि त्या घरच्या लग्नकार्याला न चुकता हजर राहावं.

आता गाडी मागायला येणाऱ्यांचं प्रकरण. हौदा असलेली गाडी दारात उभी आहे म्हणजे ती सगळ्या गल्लीची आहे. ‘नाना, रविवारी गाडी मोकळी आहे का?’ या प्रश्नात ‘नाना’ या शब्दाची लांबी मोजावी. नेहमीपेक्षा लांब असेल तर फ्रीज, कपाट आणि सिडकोतल्या चौथ्या मजल्यावरचा सोफा आहे हे समजावं. नकार देऊ नये, नाशिक मोठं झालं असलं तरी इतकं झालेलं नाही. फक्त म्हणावं, ‘घेऊन जा की. फक्त ब्रेक दोनदा मारायचा.’ बहुतेकांना रविवारी दुसरं काम निघतं. गणपतीच्या मंडळाला मात्र हे चालत नाही. मंडळाची पोरं ब्रेक न मारताच नेतात, आणि मिरवणुकीच्या वेगाला ब्रेक लागतच नाही हे त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. याला पासिंग म्हणतात आणि ते गाडीपेक्षा मालकाचं जास्त असतं. पेठ रोडच्या आरटीओत जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊ नये, गंज उघडा पडतो. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ असेल तर रंग मारून घ्यावा, कारण राज्याने २०१५ मध्येच ती अक्षरं बंद केली. ‘आई सप्तशृंगी प्रसन्न’ राहू द्यावं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, एकदा ठोकली की निघत नाही असं कुलूप, सगळं असतं. ज्या बंपरवर ती ठोकायची तो मात्र एका हाताने निघतो. चोराने न्यायची झाली तर आता सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे.

इथे काही मालकांच्या डोक्यात विंटेजचं खूळ शिरतं. त्याचीही माहिती असावी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर २० हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला तेवढी नेता येते. म्हणजे आपली मॅटाडोर सध्या जे काही करते त्यातलं निम्मं आधीच नियमात बसतं. अडचण मूळ रूपाची. जिचं इंजिन बदललेलं, हौदा सातपूरच्या वेल्डरने केलेला आणि दार तिसऱ्याच रंगाचं, तिचं मूळ रूप कोणतं हे ठरवायला इतिहास संशोधक मंडळ लागेल. हॅन्सीटवाल्यांचं दुःख आणखी मोठं. गाडी खरोखर जुनी, खरोखर दुर्मीळ, पण चाकं तीन. दुचाकीला एक जास्त, चारचाकीला एक कमी.

तेव्हा विकणं आलंच. योगायोग असा की २००५ साली कंपनीने नावातला टेंपो काढून फोर्स मोटर्स हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी टाटांचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, बाजारात आला. त्यानंतर मॅटाडोरसाठी नवा धंदेवाईक गिऱ्हाईक शोधणं बंद करावं. उरतात ते दोघे. त्यातला भंगारवाला शोधावा लागत नाही. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये उठवला खरा, पण गाडी आठवडाभर जागची हलली नाही की तो आपणहून येतो. त्याला टायरला लाथ मारायची गरज वाटत नाही. आरसी बुक हातात घेतो, मालकाचं नाव, साल, रंग सगळं ओलांडून थेट रिकाम्या वजनाच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि किलोचा भाव सांगतो. एवढं स्पष्ट बोलणारा माणूस या व्यवहारात पुन्हा भेटत नाही. त्याला द्यायचीच असेल तर अधिकृत स्क्रॅप केंद्रातून द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर गाडी जाते आणि नंबर कुठेतरी राबत राहतो.

दुसरं गिऱ्हाईक हौशी. तो गंगापूर रोडला राहतो, त्याला फूड ट्रक काढायचा असतो किंवा द्राक्षमळ्यातल्या वाइनरीच्या दारात शोभेला ठेवायची असते. तो गंजाला ‘पॅटिना’ म्हणतो. त्याच्यासमोर गाडीला नावं ठेवू नयेत, भाव वाढतो आणि मग त्याला खरंच घ्यावी लागते. तो इसार देतो, गाडीचे फोटो काढतो, इंजिनावरच्या झाकणावर हात फिरवतो. याच दिवशी, याच बैठकीत कागदावर सह्या घ्याव्यात.

कागदाचा भाग विनोदी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर असून वडील वारले असतील तर आधी फॉर्म ३१. आपल्याकडची रीत अशी की कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून किल्लीबरोबर द्यायची आणि ‘करून घ्या दादा सावकाश’ म्हणायचं. दादा सावकाश करतातही, म्हणजे कोरा फॉर्म पुढच्या दादाला देतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच हातोहात फिरलेली गाडी आली. न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच. तेव्हा सावकाश हा शब्द गिअरसाठी राखून ठेवावा.

या कामी चासी प्रिंट लागते. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून आडवं व्हायचं, चासीवरचा थर आधी डिझेलच्या फडक्याने, मग पॉलिश पेपरने घासायचा. तीन थरांचा रंग आणि कुण्या पावसाळ्यातला पेठ रोडचा चिखल निघाल्यावर एखादा आकडा डोकं वर काढतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची. आठ आहे की तीन हे ठरवताना आपल्याला हवा तो आकडा दिसू लागतो, म्हणून घरातल्या लहान मुलाला बोलवावं, ते खरं सांगतं. जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसेल तर बॅकलॉग एंट्रीसाठी चकरा होतात. इंजिन बदललेलं असून आरसीवर चढवलेलं नसेल तर काउंटरच्या आतल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू दिसतं.

कागद गेले तरी गाडी गेली असं नाही, कारण तिच्या खोडी अजून तुमच्याकडे असतात. दार उचलून लावायचं. डावी काच खाली करायला स्क्रूड्रायव्हर लागतो आणि तो काचेच्याच आत पडलेला आहे. हॉर्नचं बटण म्हणजे डॅशवर बसवलेलं घराच्या बेलचं बटण. पूर्ण वळण घेताना पुढून कटकट आली तर जॉइंट बोलतोय, अजून तुटलेला नाही. हे लिहून देऊ नये, लिहिलेलं वाचून कोणी घाबरतं. नव्या मालकाला शेजारी बसवून त्र्यंबक रोडला एक फेरी मारावी आणि एकेक खोड सहज बोलल्यासारखी सोडावी. परतताना त्याच्या हाती स्टिअरिंग द्यावं आणि आपण रिक्षाने यावं.

त्यानंतर फोन येतील. पहिल्या महिन्यातले फोन उचलावेत, ते सभ्यपणाचं आहे. हीटर, हवा, रिव्हर्स, सगळं पुन्हा सांगावं. फॉर्म २९ ची पोच लॅमिनेट करून तिजोरीत ठेवल्यानंतरचे फोन उचलायचे की नाही हे स्वभावावर. स्टिअरिंगखालच्या त्या पिवळ्या वायरीबद्दल विचारलं तर मात्र एकच उत्तर द्यावं: ‘दादा, ती माझ्या आधीपासून आहे. तिला हात लावू नका.’