उघड्या कॅबिनेटचे नाना

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नानांचा कॉम्प्युटर झाकणासकट कुणी पाहिलेला नाही. झाकण गॅलरीत उताणं पडलेलं असे आणि काकू त्यात कांदे-बटाटे ठेवत. "उद्या परत उघडायचाच आहे, मग स्क्रू आवळायचे कशाला?" हा नानांचा बिनतोड सवाल.

साल 1998. शनिवारी बँक अर्धा दिवस असे. ती सुटली की नाना थेट लॅमिंग्टन रोड गाठत. सरकारदरबारी तो डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं असतं तर नानांनाही सापडला नसता. संध्याकाळी घरी येताना बॅगेत चंदेरी पिशव्या. काकू उंबरठ्यातच विचारत, "भाजी आणलीत?" "टीव्ही ट्यूनर आणलाय." घरात धडधाकट टीव्ही होता, हा मुद्दा नानांच्या लेखी गैरलागू. घरात कॉम्प्युटर एकच असताना नेटवर्क कार्डही आलं होतं. उद्या दुसरा घेतला तर?

बिल्डिंगमधल्या पोरांना नाना बजावत, "एका वेळी एकच कार्ड लावायचं. ड्रायव्हर टाकायचा, रीस्टार्ट करायचं, सगळं नीट चाललं की मगच दुसरं." सल्ला लाखमोलाचा. स्वतः नाना मात्र साउंड, मोडेम, ट्यूनर आणि नेटवर्क अशी चारही कार्डं एका दमात खोचत आणि बटण दाबत.

मग रविवार रंगायचा. मोडेम फोन लावायला लागला की माऊस जागच्या जागी थिजे. नानांचे डोळे लकाकत. "अरे, माऊस कॉम वनवर, मोडेम कॉम थ्रीवर. दोघांनाही आयआरक्यू चार! आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची बेल. एका बेलला दोन बिऱ्हाडं. बेल वाजली की दार कुणी उघडायचं?" सगळ्या मिळून बेला सोळा, शून्य ते पंधरा. त्यातल्या काही घड्याळाने, कीबोर्डने, फ्लॉपीने, हार्डडिस्कने आधीच अडवलेल्या. एक तर नुसती दोन चिपा एकमेकींना जोडण्यात खर्ची पडलेली. उरलेल्यांची वाटणी नाना कॅलेंडरच्या पाठीमागे मांडत. तिथेच काकूंचा दुधाचा हिशोब. '5 साउंड, 7 प्रिंटर, 10 नेटवर्क' यांच्या खाली 'म्हशीचं 2 लिटर' पाहून नाना क्षणभर तेही कुठल्या स्लॉटमध्ये बसेल याचा विचार करत.

कार्डाचा आयआरक्यू बदलायचा तर त्यावरचा जम्पर हलवायचा, आणि त्याला काकूंचा भुवयांचा चिमटा लागे. जम्पर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती उडाली की घरात पंखा बंद, चालणं बंद, बोलणंही बंद. नाना जमिनीला गाल लावून बॅटरी मारत. एकदा जम्पर सापडला नाही, पण काकूंच्या कानातल्याचं मळसूत्र सापडलं. त्या दिवशी नानांना दुपारी भजी मिळाली.

निळा पडदा आला तरी नाना खचत नसत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्ससमोर विंडोज 98 कोलमडलं होतं. सहकाऱ्याने नुसता स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा. ती बातमी नाना हौसेने सांगत. "त्यांनी एकच वस्तू जोडली होती. इथे चार आहेत, चार!"

इलाजही घाऊक. कार्डांचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, स्लॉट बदलायचे, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर संशय घ्यायचा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचे, शेवटी विंडोजच नव्याने. एवढं सगळं झाल्यावर मशीन चालायचं. कशाने चाललं? नुसता स्लॉट बदलला तरी कधीकधी आयआरक्यू बदलतो, तेवढ्यानेही भागलं असेल. नाना म्हणत, "हातगुण!"

चालत्या कॉम्प्युटरसमोर मात्र नाना अवघडून बसत. "अहो, त्यावर एखादं पत्र तरी टाइप करा," काकू म्हणत. नाना 'श्रीयुत' एवढं टाइप करत आणि कानोसा घेत. "पंखा जरा वेगळा वाजतोय का गं?"

पुढे 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं. एकाच नंबरावर तीन-तीन कार्डं गुण्यागोविंदाने नांदू लागली. साउंड आणि नेटवर्क तर मदरबोर्डावरच आयते मिळायला लागले. भाच्याने नानांना असं नवं मशीन आणून दिलं, झाकण लावून, स्क्रू आवळून. आठवडाभर ते एकदाही हँग झालं नाही. नाना जेवेनासे झाले.

रविवारी सकाळी त्यांच्या घरातून स्क्रू काढल्याचा आवाज आला. मी डोकावलो. बायोसमध्ये शिरून नानांनी बोर्डावरचा साउंड बंद केला होता आणि माळ्यावरच्या पेटीतली जुनी कार्डं मोकळ्या स्लॉटांत खोचली होती. बटण दाबलं. पडदा निळा झाला.

"अगं ए," नाना खणखणीत आवाजात ओरडले, "चहा टाक. आणि तो चिमटा कुठाय?"