पूर्णांक सहा

परदेशाहून आलेल्या माणसाला गावानं महिनाभर सोसायचं असतं. अण्णांच्या बाबतीत ही मुदत कधीच उलटून गेली.

मुलगा ॲडलेडला आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. नातवाला झोके देऊन अण्णा-काकू परतले असते, तर निभावलं असतं. पण मुलानं सगळ्यांसाठी कॅराव्हॅन ठरवली आणि ऐनवेळी त्याला रजा मिळाली नाही. भरलेले पैसे बुडणार म्हटल्यावर नारायणगावचा शेतकरी गप्प बसतो होय! अण्णांनी काकूंना शेजारी बसवलं आणि मोटारीमागे ते चाकांचं घर ओढत थेट पर्थ गाठलं. सुमारे २,७०० किलोमीटर. विघ्नहर कारखान्यावर उसाच्या जोडट्रॉल्या रिव्हर्स मारलेल्या माणसाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. वाटलं ते वाटेतल्या नलारबोरच्या माळाचं. तिथं बॅलाडोनिया आणि कैगुना यांच्यामधल्या एका लांबलचक पट्ट्यात हायवेला एकही वळण नाही.

"१४६ किलोमीटर! नाकासमोर!" अण्णा सांगतात.

"पूर्णांक सहा," स्वयंपाकघरातून काकू.

आता कुठलाही विषय काढा. टोमॅटोच्या पिकअपांच्या गर्दीत तासभर अडकलो म्हणालात, तर अण्णा म्हणणार, "तिकडं १४६ किलोमीटरात…" माळशेज घाटाचं नाव काढा. तिकडचा ड्रायव्हर पहिल्याच वळणावर किल्ली ठेवून घरी जाईल, असं त्यांचं मत. नाणेघाटात जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण मुंबईच्या पाहुण्यांना दाखवायला नेलं, तर म्हणाले, "त्या सरळ पट्ट्याला टोल नाही बरं का." पाहुण्यांनी विचारलं, कुठला पट्टा? परतीला अंधार पडला.

एक जखम मात्र ओली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर कीड जाऊ नये म्हणून ताजी फळं-भाज्या काढून घेतात. "भाव पडला की आपण क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, आणि तिथं त्या पोरीनं हातमोजे घालून माझे चार टोमॅटो उचलले. पावती नाही, पट्टी नाही!"

कांगारू आडवे येतात म्हणून दिवस मावळल्यावर गाडी हाकायची नाही, हा तिथला धडा काकूंना फुकटच वाटला. "इथं ऊस वाढला की बिबट्याची भीती; दिवेलागणीनंतर मी गोठ्यात एकटी जाते का?"

कळस झाला तो भावकीतल्या नानांच्या दशक्रियेला. आपल्या जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे निम्मी सभाच: प्रवचन, मग आजी-माजी-इच्छुकांच्या श्रद्धांजल्या. अण्णांनी माईक धरला. "नानांचं आयुष्य कसं होतं? सरळ! १४६ किलोमीटर…" नानांनी हयातभर बांधाचे दावे लढवले होते, पैकी एक अण्णांवरच. लोक खाली माना घालून हसू दाबत होते, तोच बायकांच्या घोळक्यातून स्पष्ट ऐकू आलं, "पूर्णांक सहा."

त्या दिवशी मी काकूंना घरी सोडलं. गाडीत म्हटलं, एवढ्या दशांशाचा आग्रह कशाला धरता?

"लग्नानंतर इतकी वर्षं घरी पिकअप आहे," त्या म्हणाल्या, "पण पुढं हे आणि व्यापारी. नाहीतर हे आणि सासूबाई. मी मागं, क्रेटांत. तिकडं पहिल्यांदा पुढं बसले. फोनला रेंज नाही, वळण नाही, कुणी हात करून थांबवणारं नाही. दीड तास हे माझ्याशी बोलत होते. बाजारभावाचं एक अक्षर नाही."

"मग कशाचं?"

"तुम्हाला काय करायचंय?" म्हणत त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मुलगा आता तिकडचा नागरिक झालाय. इथल्या सात खोल्यांतल्या पाचांना कुलूप आहे. अण्णांनी एक जुनी व्हॅन घेतली, मागं फळी टाकून बिछाना केला, आणि टोमॅटोचा तोडा संपला की दोघं डिंभ्याच्या पाण्याकाठी, नाहीतर भीमाशंकरच्या रस्त्याला जाऊन राहतात. दर दोनशे मीटरवर वळण. अण्णा शिव्या घालत चालवतात.

मंचर-घोडेगावकडं कुठं चहाच्या टपरीवर हे जोडपं भेटलं, तर रस्त्याचा विषय काढू नका. काढलाच, तर तासभर बसायची तयारी ठेवा, आणि अण्णांनी आकडा सांगितला की लगेच वा म्हणू नका. आधी काकूंना बोलू द्या.