नुसताच आलोय

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी एकट्यानं नांदेड आणि लातूर फिरायचं ठरवलं. माझा प्रश्न साधा होता : राहायचं कुठल्या भागात? बँकॉकला कुठं राहावं हे सांगणारी माणसं आमच्या सोसायटीत जिन्याच्या प्रत्येक वळणावर भेटतात. नांदेडसाठी माझ्याकडे एकच माणूस होता, ऑफिसातला जुना सहकारी, मूळचा लोह्याचा. त्याला फोन लावला.

"नांदेडात कुठल्या भागात उतरू?"

"कोणाचं काय हाय?"

"कोणाचं काही नाही."

"मंग?"

हा 'मंग' मला पुढचे चार दिवस पुरला. त्यानं समजावून सांगितलं. दर्शनाला जायचं असेल तर गुरुद्वाऱ्याच्या अंगाला उतरायचं. पेशंट असेल तर डॉक्टर लेनच्या जवळपास. विद्यापीठात काम असेल तर विष्णुपुरी, पण ते गावाबाहेर. लेकरू क्लासला घालायचं असेल तर बाबानगर, श्यामनगर. लग्न असेल तर विचारायचंच नाही, नवरीकडचे उतरवतील तिथं उतरायचं.

"मी नुसताच चाललोय रे. फिरायला."

"मे महिन्यात?"

"हो."

फोनवर बराच वेळ पंख्याचा आवाज आला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी बऱ्या हायत ना?"

नांदेडला पहिल्या लॉजवर गेलो. मॅनेजरनं विचारलं, किती जण? म्हटलं, एक. काय काम? म्हटलं, काही नाही, नुसताच आलोय. "रूम शिल्लक नाही, साहेब." त्याच्या मागच्या फळीवर चौदा किल्ल्या लटकत होत्या. मी मोजल्या, उन्हातून आलेल्या माणसाला पंख्याखाली उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं. चूक त्याचीही नव्हती. मे महिन्यात नांदेडात कारणाशिवाय आलेला एकटा पुरुष एक तर घरातून भांडून आलेला असतो, नाहीतर पोलीस मागे घेऊन.

दुसरं लॉज वजिराबादला मिळालं. तिथल्या रजिस्टरात 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी पेन हातात धरून विचार करत राहिलो तेव्हा मॅनेजरनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं, माझ्याकडे एकवार बघितलं आणि लिहिलं : दवाखाना.

बाकीच्या सगळ्या खोल्यांत तेच कारण होतं. डॉक्टर लेन चालत जाण्याच्या अंतरावर. कॉरिडॉरमध्ये दोरीवर टॉवेल, खाली पितळी डबे, भिंतीला टेकवलेले एक्स-रेचे मोठाले लिफाफे. रात्री दहाला दारात बसलेल्या किनवटकडच्या एका आजींनी विचारलं, "तुमचं कोण हाय?"

मी खरं ते सांगितलं. "कोणी नाही, आजी."

आजींचा हात तोंडावर गेला. "कधी?"

मी उलगडा करेपर्यंत त्या उठल्या होत्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला, "रडू नगा" म्हणाल्या, आणि आतून ज्वारीची भाकरी, ठेचा अन् कांदा आणून पुढ्यात ठेवला. नातू ताटलीत पाणी सांडत होता, त्याला म्हणाल्या, "गप बस, काकांचं माणूस गेलंय." अशा वेळी सत्य बोलणं म्हणजे भाकरी परत करणं. ठेचा इतका जहाल होता की डोळ्यांना पाणी यायला वेगळं दुःख लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कॉरिडॉरमधून नजर खाली घालून निघालो आणि गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंहांनी 1708 मध्ये इथं देह ठेवला; पुढं महाराजा रणजितसिंहांनी तख्ताची वास्तू बांधवून घेतली. शिखांच्या पाच तख्तांतलं हे एक. नांदेडच्या रेल्वे स्टेशनचं नावही हुजूर साहिब नांदेड, आणि अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस आली की फलाटावर मराठी बोलणारा माणूस आपणच पाहुणा वाटतो. 2008 मध्ये गुरुता-गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले. नांदेडकर अजूनही काळाचे दोन भाग करतात, गुरुता-गद्दीच्या आधी आणि नंतर.

लंगरमध्ये पंगतीला बसलो. एक तरुण सेवादार टोपली घेऊन धावत आला. "परशादा, बाबाजी!" मी ताट पुढं केलं. शेजारच्या सरदारजींनी माझं मनगट धरून ताट खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे जोडून ओंजळ कशी करायची ते दाखवलं. ओंजळीत गरम रोटी पडली. वर डाळ, भाजी, खीर. तासाभरात मला कोणीही विचारलं नाही की किती जण, कशासाठी आणि कोण ॲडमिट आहे. नांदेडात एकट्या माणसानं कुठं राहावं याचं उत्तर मला तिथं जवळपास मिळालं होतं. फक्त पंगतीत झोपता येत नाही.

लातूरला एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणारा हा रस्ता दोन मोठ्या मानी गावांना जोडतो. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला प्रत्येकी दोन मुख्यमंत्री दिलेत. नांदेडनं शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरनं निलंगेकर आणि विलासराव. त्यामुळं कोण मोठं हे ठरत नाही, आणि 2009 मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर पेटून उठलं होतं. मी शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना सहज विचारलं, नांदेड चांगलं का लातूर? त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "बोलायलाच नगं," म्हणाले. पिशवीत लाडू होते.

मग त्यांची पाळी. "लातूरला कुठं जायलाव?"

"असंच."

"लेकरू कोणत्या बॅचला?"

दोन दिवस खरं बोलून माझ्या पदरात एक नकार, एक दवाखाना आणि एक मयत पडली होती. लोहा मागं पडलं होतं. मी म्हणालो, "भाची आहे. बघायला चाललोय."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांच्या घरातच जन्मलो. अहमदपूर येईपर्यंत भाची रिपीटर झाली. चाकूरला तिचं फिजिक्स कच्चं निघालं. आष्टा मोडजवळ त्यांनी मला लाडू देऊन धीर दिला, "फिजिक्स सगळ्यांचंच कच्चं ऱ्हातंय, मामा." माझी भाची मीरा यंदा आठवीत जाणार आहे आणि तिला तबला वाजवायचाय, ही गोष्ट तोवर माझ्याही मनात पुसट झाली होती.

लातूरला माझा बेत गंजगोलाईत राहायचा होता. मधोमध 1917 सालची गोल दुमजली इमारत, पोटात देवीचं मंदिर, आणि सोळा दिशांना सोळा रस्ते. सराफांचा वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. खिडकीतून ते चाक फिरताना बघावं असं मनात होतं. लाडूवाल्या काकांनी माझी बॅग उचलून रिक्षात टाकली. "गोलाईत काय करायलाव? भाव काढायला आलाव का? लेकराचं बघा आधी."

रिक्षावाल्याला पत्ता म्हणून 'ट्यूशन एरिया' एवढंच पुरलं. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्ननं गावाला नाव दिलं आणि गावानं पॅटर्नला ही वस्ती दिली. वर आभाळात गुणवंतांचे फोटो, प्रत्येकाखाली 720 पैकी किती तो आकडा. खाली झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका, मेस, आणि खांबाखांबावर 'कॉट बेसिसवर जागा मिळेल'. रात्री नऊला बॅच सुटली. अर्ध्या मिनिटात रस्ता स्कूटी, सायकली आणि पाठीवरच्या दप्तरांनी भरला, पंधरा मिनिटांत रिकामा झाला, आणि मग घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. लॉजवाल्यानं कारण विचारलं नाही. मला बघूनच म्हणाला, "पालक? दोनशे कमी करतो." एकटा प्रवासी म्हणून मला कुठंही सवलत मिळाली नव्हती. मामा म्हणून पहिल्या रात्रीच मिळाली.

सकाळी काका सुशीला घेऊन दारात हजर. लातूरकडं सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून केलेली फोडणीची न्याहारी. पुण्याच्या माणसानं 'सुशीला खाल्ली' हे घरी फोनवर सांगताना जपून सांगावं. काकांचा मुलगा क्लासला गेला होता, दिवस मोकळा होता, आणि तो त्यांनी माझ्या भाचीला द्यायचं ठरवलं होतं. दुपारपर्यंत आम्ही नऊ ठिकाणं बघितली. कुठं काका भिंतीला हात लावून ओल बघायचे, कुठं मेसच्या वरणात पळी फिरवून डाळ शोधायचे. तूरडाळीच्या गावात पातळ वरण हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटत होता.

नववं घर एका मावशींचं. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, चार कॉट, खिडकीजवळची रिकामी. मावशींनी माझी परीक्षा घेतली.

"लेकरू किती वाजता निजतंय?"

"अकरा."

"मोबाईल?"

"जेवताना फक्त."

"न्हाणीत किती येळ लावतंय?"

हा प्रश्न पाण्याचा होता. एप्रिल 2016 मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' गाडीची पहिली खेप पाच लाख लिटरची. त्या उन्हाळ्यात आपल्या दहाही पोरी घरी पाठवाव्या लागल्या, असं मावशी सांगत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी गळणारा नळ करकचून आवळला. मी म्हणालो, "पाच मिनिटं." मीराला आरशासमोर काढायला घंटा वाजवावी लागते.

मी ॲडव्हान्ससाठी खिशात हात घातला. तेवढं तरी प्रायश्चित्त. मावशींनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या. मामा सोता उन्हात हिंडायलाय, आणि काय पाहिजे?" काकांनी मान डोलावली. आता खरं सांगावं असं मला फार वाटलं. पण मावशी वहीत लिहीत होत्या : मीरा, पुणे, खिडकी.

संध्याकाळी गोलाईला गेलो, सोळाही रस्ते पायी फिरलो आणि रात्रीच्या गाडीनं परतलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशींचा फोन आला. "मामा, कॉट ठेवलीय. चार जण विचारून गेले, दिली नाही. लेकरू कधी यायलंय?" मी सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग तुम्ही आला होता कशाला?"

"नुसताच," म्हणालो.

"बाई बाई! तबल्याला नाही लागत का कॉट?"

त्या अजून माझ्यावर रागावलेल्या नाहीत, आणि कॉट अजून भरलेली नाही. दुसरा मजला, सकाळी ऊन येतं, पाणी एक दिवसाआड पण टाकी मोठी आहे, वरण घट्ट, फाटक साडेदहाला बंद. कोणाची मुलगी यंदा लातूरला जाणार असेल तर मला कळवा, मी मावशींना फोन करतो.