साडेसहा

त्याचं खरं नाव आधार कार्डावर असेलच. नगरच्या सावेडीत मात्र सगळे त्याला 'साडेसहा' म्हणतात आणि तोही ओ देतो. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत नऊपैकी साडेसहा बँड मिळवून हा बसलेला आहे. परदेशातल्या विद्यापीठाला हवेत सात. ऐकण्यात सात, वाचनात साडेसहा, बोलण्यात साडेसहा, लेखनात सहा, बेरीज 26. ती 27 झाली की सरासरी पावणेसात येते आणि नियमाप्रमाणे पावणेसातांचे सात धरतात. हा नियम त्याने राहुरीकडच्या गावी जाऊन वडिलांना समजावला. वडील म्हणाले, "एवढी माया उसाच्या काट्यावर कुणी दाखवली असती, तर तुझी फी तिथंच सुटली असती." फी पंधरा हजारांच्या वर. वडील ती कांद्यात मोजतात, म्हणजे भाव बरा असला तर दहा क्विंटल. शिवाय निकालपत्राची मुदत दोनच वर्षं. "कांदा तरी चाळीत टिकतो," हे वर.

सात न मिळण्याचं कारण शब्दसंग्रह, असं साडेसहाचं निदान आहे. म्हणून त्याने वही केली. वहीत साधे शब्द डावीकडे आणि त्यांचे भारदस्त सोयरे उजवीकडे. 'मेनी' खोडून 'प्लेथोरा', 'बॅड' खोडून 'डेट्रिमेंटल'. नवा शब्द त्याच दिवशी वापरायचा, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेलं. त्या दिवशी मार्केट यार्डात आवक फार होती. हा वडिलांना फोनवर म्हणाला, "तात्या, यंदा कांद्याचा प्लेथोरा झालाय." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काळजीचा आवाज: "मग फवारणी कोणती घ्यायची?"

बोलतोसुद्धा निबंधासारखा. चहाच्या टपरीवर "कटिंग का फुल?" विचारलं की म्हणणार, "काही लोकांच्या मते कटिंग पुरेसा असतो. दुसरीकडे, फुलचेही अनेक फायदे आहेत." तोवर टपरीवाल्याने कटिंग पुढे सरकवलेला असतो. बायका-पोरं असलेला माणूस कुठवर थांबणार?

व्याकरणाची गोष्ट वेगळी. तिथे तो खरोखर कष्ट घेतो. आपल्या मराठीत 'ए' आणि 'द' यांची भानगडच नाही, त्यामुळे आधी सगळा निबंध लिहून काढतो आणि मग मोकळी जागा दिसेल तिथे 'द' पेरत जातो. 'काल पुण्याला गेलो होतो' याचं सरळ 'आय हॅड गॉन' करतो, कारण 'होतो'चा मान राखायला नको का? 'ही' आला की क्रियापदाला 'एस' लावायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. जागेपणी बोलताना तेवढं राहून जातं. परीक्षकाला हवं असतं ते सरळ, ओघाचं बोलणं. पाठ केलेली वाक्यं त्याच्या लगेच लक्षात येतात. हे साडेसहाला ठाऊक आहे. त्यासाठी त्याने ओघाची वाक्यं पाठ केली आहेत.

'तुम्ही कुठले?' या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर त्याने घासूनपुसून ठेवलं होतं. 2024 मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं आणि पुन्हा घोकंपट्टी आली. मग त्याच्या ध्यानात आलं, की आता 'पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखलं जाणारं' असं म्हणता येतं, म्हणजे आयताच पॅसिव्ह व्हॉइस! नामांतराचा इतका रोख फायदा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मध्यंतरी तो नगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली बघून आला. 1942 ते 1945 नेहरू तिथे कैदेत होते आणि 1944 मध्ये पाचेक महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं, हाती लिहिलेली हजारेक पानं. "आणि मला चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द होत नाहीत," म्हणत हा खोलीसमोर बराच वेळ उभा होता. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनीही पत्रं लिहिली, पण ती उर्दूत; याच्या हिशेबात ती धरलेली नाहीत. नगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये आलं, सावित्रीबाई इथल्याच मिस फरार यांच्या शाळेत शिक्षिका होण्याचं शिकल्या, हे सगळं तो निबंधात उदाहरण म्हणून घालतो. वडील ऐकून म्हणाले, "म्हणजे इंग्रजी नगरात येऊन दोनशे वर्षं होत आली. राहुरीला कधी निघायचीय?"

एकदा मी त्याच्याबरोबर गावी गेलो होतो. ओट्यावर त्याचा सराव चाललेला. कार्ड उचलायचं, एक मिनिट विचार करायचा, दोन मिनिटं बोलायचं. कार्डावर आलं, 'हरवलेल्या गोष्टीविषयी सांगा.' साडेसहा "वेल, दॅट्स अॅन इंटरेस्टिंग क्वेश्चन" इथवर आला आणि आढ्याकडे बघत बसला. लसूण सोलता सोलता आईने विचारलं, "काय इचारलंय रे?" मी सांगितलं. तिने एका मिनिटाची वाट पाहिली नाही. मढीच्या यात्रेत धाकटी बहीण हरवली होती तिथून सुरुवात. गर्दी, रेवड्या, गाढवांचा बाजार, बापाने आईला काढलेले शब्द, आणि अखेर एका गाढववाल्याच्या घोंगडीवर गाढ झोपलेली पोर. मोबाइलवरचा गजर वाजून गेला, कुणाला ऐकू आला नाही. माझ्या हातातला चहा निवला होता.

साडेसहा वहीत काहीतरी टिपत होता. मग म्हणाला, "फ्लुएन्सी चांगलीये आई. पण लिंकिंग वर्ड्स नाहीत."

गेल्या वर्षापासून त्याने सावेडीतच क्लास काढलाय. पोरांना तो सांगतो की अवघड शब्द वापरू नका, पाठ करू नका, सरळ बोला. पोरं भोळी, ऐकतात. दोघांना साडेसात मिळाले आणि ती गेलीसुद्धा. एक आयर्लंडला, एक ऑस्ट्रेलियाला. पेढे आले तेव्हा साडेसहाने एकच खाल्ला, दुसरा "नंतर" म्हणून कागदात बांधून ठेवला. ऑस्ट्रेलियावाल्या पोराचा परवा फोन आला. "सर, इथं इंग्रजी बोलायला मिळंना. रूममेट कोपरगावचा निघाला. दिवसभर मराठीच."

सरांनी क्षणभर विचार केला आणि दाराकडे पाठ करून हळूच विचारलं, "त्याला रायटिंगला किती होते?"