सांगून आलेलं स्थळ

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या निवृत्त मराठी माणसाला उद्योगांची वाण नसते. नातवंडांना शाळेतून आणावं, ओक ट्री रोडवर जाऊन मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघाव्यात, गणेशोत्सवाच्या समितीत राहून समितीलाच नावं ठेवावीत. नाना हे सगळं करतात. पण जीव ओतून करतात ते एकच काम: कुणीतरी इंटरनेटवर विकायला काढलेल्या जुन्या अमेरिकन गाडीला नापास करणं.

जुनी म्हणजे साठेक वर्षांची, आणि मुख्य म्हणजे हात न लागलेली. नवा रंग मारलेली, क्रोम चकचकीत केलेली, सीटा नव्यानं शिवलेली गाडी समोर आली की नाना "पार्लरमधून आलीय" म्हणून पुढे सरकतात. त्यांना हवी असते कोठारात वीस-तीस वर्षं पडून राहिलेली, धुळीनं माखलेली, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेली. हे खूळ त्यांच्या एकट्याचं नाही. पेबल बीचसारख्या मानाच्या प्रदर्शनातसुद्धा डागडुजी न केलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. कारखान्यात बसलेला रंग एकदा खरवडला की पुन्हा मिळत नाही, म्हणून त्याला किंमत. नाना आणखी एक कारण देतात. त्यांच्या मते नव्या रंगाखाली काहीही दडवता येतं, फिकट पडलेल्या रंगाला लबाडी जमत नाही.

मी त्यांचा शेजारी. माझ्याकडे मोठा मॉनिटर आहे, हीच माझी पात्रता. रात्री जेवणं आटोपली की फोन येतो: "अरे, स्थळ आलंय. ओहायोचं."

नाना जाहिरातीला स्थळ म्हणतात, गाडीच्या नंबराला पत्रिका, आणि प्रत्यक्ष जाऊन बघण्याला कांदेपोहे. ओहायोचं स्थळ तसं न बघताच नाकारता येतं. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानं बर्फ वितळतो, आणि मागोमाग गाडीही. अ‍ॅरिझोनाचं असेल तर पत्रा खणखणीत, पण उन्हानं डॅशबोर्डला भेगा आणि रबराचा पार कुरकुरीत पापड. फ्लोरिडाचं असेल तर "पुरातून काढलेली नाही कशावरून?" पन्नास राज्यांचा देश, पण नानांच्या मनाजोगतं घराणं एकाही राज्यात नाही.

मग फोटो. "दाखवलंय त्याकडे बघू नकोस. काय दाखवलं नाही ते बघ," हा पहिला धडा. चोवीस फोटोंपैकी सहा स्टिअरिंगवरच्या घोड्याचे, पाच संधिप्रकाशातले, खालून काढलेला एकही नाही. "गाडी ओली का आहे?" नाना विचारतात. मी म्हणतो, पाऊस पडला असेल. "मागची जमीन कोरडी आहे." पाणी मारलं की मेलेला रंगसुद्धा पाच मिनिटं जिवंत होतो, तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे. गाडी ट्रेलरवर असेल तर चालत नाही. चाकांभोवती गवत वाढलं असेल तर ते कुठल्या जातीचं आहे आणि इतकं वाढायला किती उन्हाळे लागतात, याचा हिशेब होतो.

जाहिरातीतल्या मजकुराचा समाचार ते स्वतंत्रपणे घेतात. 'उभी केली तेव्हा चालत होती' या वाक्यावर त्यांचा विशेष दात आहे. "उभी करेपर्यंत सगळ्याच चालतात. का उभी केली, ते सांग!" आणि उत्तरही तेच देतात: ब्रेकचं पेडल एक दिवस फळीला टेकलं असणार. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना मिळून ऑइलची एकच टाकी. एका चाकाशी गळती लागली की चारही चाकं मोकळी. 'एसीत फक्त गॅस भरायचा आहे' असं वाचलं की नाना पडद्यालाच विचारतात, "मग भरला का नाहीस?" आणि 'माझ्याकडे काय आहे ते मला पक्कं माहीत आहे, फालतू भाव करू नये' असं कुणी बजावलं असेल तर नाना शांतपणे मान हलवतात. "याला काहीही माहीत नाही."

तसा त्यांना कुठलीही गाडी नापास करण्यात आनंदच आहे, पण खरा जीव अडकलाय तो १९६५च्या मस्टँगमध्ये. त्यातही जिच्या नंबरात दुसरं अक्षर 'टी' आहे, तिच्यात. ५ म्हणजे साल पासष्ट. पुढचं अक्षर कारखान्याचं: 'एफ' डिअरबॉर्न, 'आर' सॅन होजे, 'टी' मटचेन. आणि हा मटचेनचा म्हणवला जाणारा फोर्डचा कारखाना होता चक्क एडिसनमध्ये, रूट वनवर. १९४८ साली सुरू झाला, २००४ साली बंद पडला. म्हणजे टीवाली मस्टँग ही आपल्या गावची लेक. कुठे आयोवात, कुठे टेनेसीत दिलेली. तिला माहेरी आणायचं, असं नानांनी फार वर्षांपासून मनात धरलंय. आणायची मात्र घाई नाही.

या अक्षरावरून मागे एक प्रकरण झालं. मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. त्या पहिल्या काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांना शौकीन मंडळी साडेचौसष्टच्या म्हणतात. फोर्डच्या कागदावर सगळ्या पासष्टच्याच, पण साडेचौसष्ट म्हटलं की भाव चढतो. तर कनेटिकटच्या एका गृहस्थांनी 'दुर्मीळ साडेचौसष्ट' अशी जाहिरात दिली आणि पत्रिका होती ५टी०७सी. नाना रात्रभर झोपले नाहीत. सकाळी त्यांनी त्या गृहस्थांना सविस्तर पत्र लिहिलं: मटचेनमध्ये मस्टँग बनायला लागली तीच १९६५ उजाडल्यावर, 'सी' हे इंजिनचं अक्षर पहिल्या गाड्यांत नव्हतंच, शिवाय त्या गाड्यांत जनरेटर असे, तुमच्या चौथ्या फोटोत अल्टरनेटर दिसतो आहे, तरी कृपया दुरुस्ती करावी. उत्तर दोन शब्दांचं आलं. त्यातला दुसरा शब्द 'ऑफ' होता. नानांनी ते पत्रव्यवहाराच्या फायलीत लावलं.

ही नजर आली कुठून, याची दोन उत्तरं आहेत. नाना आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, आधी पिंपरीला आणि मग इथे. लाल 'रिजेक्ट' चिठ्ठी लावण्याचा पगार घेतलेला माणूस निवृत्त झाला म्हणून हात थोडाच आवरतो? दुसरं उत्तर गिरगावातलं. त्यांच्या चाळीच्या मालकाकडे एक प्लायमाउथ होती. तेव्हा मुंबईत या गाड्या परक्या नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८पासून होता, कुर्ल्याला प्रीमियरवाले डॉज आणि प्लायमाउथ जोडत. मालक रविवारी पोरांना गाडी पुसायला द्यायचे, आत बसू द्यायचे नाहीत. नाना अजून तशाच अंतरावरून गाडी बघतात, असं काकूंचं मत आहे.

काकूंची मतं थोडकी पण नेमकी असतात. "मला बघायला आले तेव्हा पहिल्याच घरी होकार देऊन मोकळे झाले होते. सगळी चिकित्सा नंतर सुचलीय." नाना स्वतः चालवतात ती कॅमरी. तिच्या उजव्या दाराला पोचा आहे, मागचा दिवा चिकटपट्टीनं धरलाय, आणि टायरची मुदत संपल्याचं मी एकदा दाखवून दिलं तेव्हा ते म्हणाले, "ती वापरायची गाडी आहे."

हॅगर्टी नावाची विमा कंपनी जुन्या गाड्यांचे भाव छापते, त्यांना एक ते चार अशी प्रत लावून. एक म्हणजे प्रदर्शनात मिरवण्याजोगी, चार म्हणजे कशीबशी रस्त्यावर येणारी. नानांना ही पद्धत इतकी पटली आहे की मंडळाच्या स्नेहसंमेलनात ते कानाशी येऊन हळूच आकडे सांगतात. एकदा एका गृहस्थांचे काळेभोर केस बघून म्हणाले, "मूळ कोड वेगळा असणार."

अशा माणसासमोर गेल्या उन्हाळ्यात पेन्सिल्व्हेनियाचं एक स्थळ आलं. पांढरी मस्टँग, ५टी०७सी. जाहिरात अशी: काचेखालच्या जाळीतून पाणी आत गळतं. त्यामुळे ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला आहे, तिथे मी रस्त्यावरचा 'स्टॉप'चा बोर्ड रिव्हेट मारून बसवला आहे. मीटर ४३ हजार मैल दाखवतं. पाचच आकडी आहे, एकदा फिरून आलंय, म्हणजे १ लाख ४३ हजार. इंजिन मूळचंच असावं, पण सिद्ध करता येणार नाही, कारण त्या साली फोर्ड खास ताकदवान इंजिन सोडून बाकीच्यांवर गाडीचा नंबर ठोकत नसे. मागच्या डाव्या चाकावर माझ्या मेहुण्यानं लांबी भरली आहे, वाईट भरली आहे. किंमत साडेनऊ हजार डॉलर. खालून काढलेले फोटो अकरा.

नाना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यानं मला काही ठेवलंच नाही रे."

दुसऱ्या दिवशी त्यांना मार्ग सापडला. इतकं खरं बोलणारा माणूस त्याहून मोठं काहीतरी लपवत असणार! कांदेपोहे ठरले.

शनिवारी आम्ही निघालो तेव्हा नानांच्या पिशवीत टॉर्च, दांड्याचा आरसा, आडवं पडायला जुनी सतरंजी आणि फ्रिजवरून काढलेला दगडूशेठचा गणपती होता. हा गणपती म्हणजे नानांचं मुख्य हत्यार. पाठीला पातळ लोहचुंबक. जोरकस चुंबक लांबीच्या थरावरूनही पत्रा पकडतो, हा नाजूक आहे, जरा थर जाड झाला की सुटतो. नाना तो फडक्यात गुंडाळून दारावर, मडगार्डवर, चाकाच्या कमानीवर फिरवतात. बाप्पा जिथे टिकत नाहीत तिथे पत्रा नाही.

मालक ऐंशीच्या घरातले, कोठाराच्या दारात हात खिशात घालून उभे. नानांनी गणपती फिरवायला घेतला. उजवी बाजू, बॉनेट, दोन्ही दारं, बाप्पा घट्ट. मागच्या डाव्या चाकावर आले आणि टपकन खाली. "मेहुणा," मालक म्हणाले. नानांनी पाण्याची बाटली काढली, काचेखालच्या जाळीत ओतायला. मालकांनी बाटलीकडे बघितलं, आत जाऊन बागेची झारी भरून आणली आणि स्वतःच ओतली. पाणी डॅशबोर्डच्या मागून स्टॉपच्या बोर्डावर पडू लागलं, पत्र्यावर वाजावं तसं वाजत. इंजिनाचे स्पार्क प्लग मालकांनी आधीच काढून आत तेल सोडून ठेवलं होतं. पुढच्या पुलीला पाना लावून नानांनी जोर दिला, तर फिरलं. ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेला पार झिजलेलं, म्हणजे मैलांचंही खरं. दारावरची पाटी सांगत होती रंग 'एम', विम्बल्डन व्हाइट. डिकीतली रबरी चटई उचलून बघितली, तिथेही तोच पांढरा.

नानांचा चेहरा उतरत चालला होता.

शेवटचा आधार पत्रिका. दारावरची पाटी नवी छापून मिळते, तिच्यावर नाना विश्वास ठेवत नाहीत. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो, तो खरा. टॉर्च दाताखाली धरून नाना वाकले, थुंकी लावलेल्या रुमालानं साठ वर्षांची काजळी पुसली, आणि एकेक अक्षर वर आलं. पाटीशी तंतोतंत जुळत होतं. टीवर त्यांनी अंगठा फिरवला. मग अगदी उगाच, आणखी एकदा फिरवला.

"मग?" मालकांनी विचारलं.

आता नाना किमतीत घासाघीस करतील असं मला वाटलं. पण साडेनऊ हजार ऐकून चाळीस वर्षांचा क्वालिटी कंट्रोल जागा झाला. ते म्हणाले, "तुम्ही किंमत चुकीची लावलीय. कमी लावलीय." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मालकांना समजावून सांगितलं: कारखान्याचा रंग, पहिल्यापासून एकच घर, कागद जागेवर, कुणी दिवटा मेकॅनिक आत शिरलेला नाही, मेहुण्याचे वजा करूनसुद्धा बारा हजार कुठे जात नाहीत. मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोन-तीन ठिकाणी शंका विचारल्या आणि नानांचा हात हातात घेऊन आभार मानले.

"घरी बोलून कळवतो," नाना म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. गाडी कुठे ठेवायची, कॅमरी बाहेर काढावी लागेल, तळाचा पत्रा कुणाकडून कापून घ्यायचा, स्टॉपचा बोर्ड मात्र आठवण म्हणून भिंतीवर लावायचा. काकूंना सांगायचं भाषणसुद्धा हॅरिसबर्गपासून दोनदा म्हणून झालं.

रात्री अकराला फोन. आवाज चढलेला.

"बघितलंस? बारा हजार केली! एका दिवसात अडीच हजारांनी वाढवली! सकाळी किती सरळ वाटत होता माणूस."

"नाना, बारा तुम्हीच सांगितले ना त्यांना?"

"मी किंमत सांगितली होती," नाना म्हणाले. "मागायला नव्हतं सांगितलं."