उघड्या टपाची हौस

२००१ च्या ‘दिल चाहता है’मध्ये तिघे मित्र उघड्या गाडीतून गोव्याला गेले, तेव्हापासून इकडे प्रत्येक पगारवाढीला तेच स्वप्न पडतं. सिनेमात डंपर नव्हते. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याची धूळ अजून ताजी आहे. वडखळपर्यंत भुवया पांढऱ्या, माणगावच्या कोंडीत टाळू तापलेली, आणि शेजारच्या एसटीतून कोण कधी पिचकारी मारेल याचा नेम नाही. बरं, टप दुमडला की तो डिकीतच जाऊन बसतो. बॅगा मग मांडीवर! शेवटी मुकाट टप लावून, एसी सोडून मंडळी सावंतवाडी गाठतात. एवढंच करायचं तर कोकण रेल्वे १९९८ पासून धावते आहे, आणि तिची खिडकीही उघडते.